तुरट रस आणि वजनाचा काटा

कच्चं केळं, अर्धवट पिकलेलं जांभूळ, बिनदुधाचा कडक चहा, सुपारीचं खांड, डाळिंबाच्या दाण्यांमधला पिवळट पापुद्रा. यांपैकी काहीही तोंडात घातलं की जीभ आखडते आणि गालांना आतून कोरड पडते. यांतली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतात, त्यांचा साका होतो आणि लाळेचा बुळबुळीतपणा जातो. ती आखडलेली भावना त्याची. आयुर्वेदाने सहा रसांत तुरटाला जागा दिली होती. आजच्या ताटात गोड, खारट, आंबट आणि तिखट यांचीच चलती आहे. कडू कारल्या-मेथीपुरतं उरलं आहे आणि तुरट जवळजवळ हद्दपार झालं आहे. शेतकऱ्याने, बियाणं निवडणाऱ्याने आणि पुढे कारखानदारानेही फळं-धान्यं गोड, मऊ, पांढरी करत नेली. गिऱ्हाइकाला तेच हवं होतं. या निवडीत जी द्रव्यं ताटातून कमी झाली त्यांतली बरीचशी पॉलिफेनॉल या मोठ्या घराण्यातली. ही द्रव्यं आपल्या पोटात गेल्यावर लठ्ठपणाचं आणि चयापचयाचं नेमकं काय होतं, एवढाच या पुस्तकाचा विषय.

झाडाला पळता येत नाही. ऊन वाढलं, बुरशी आली, अळी लागली, गुरांनी पाला ओरबाडला, तरी जागीच उभं राहून निभावायचं असतं. त्यासाठी त्याने रसायनांचा कारखाना उभारला. पॉलिफेनॉलं त्यातलाच माल. काही अतिनील किरण शोषतात, काही बुरशीला अडवतात, काही पाला खाणाऱ्याच्या तोंडाची चव बिघडवतात, तर काही फुलाफळांना रंग देऊन पाखरांना बोलावतात. आजवर अशा आठ हजारांहून अधिक द्रव्यांची रचना रसायनशास्त्रज्ञांनी उलगडली आहे. कांद्यातलं क्वेर्सेटिन, चहातली कॅटेचिनं, जांभळाला आणि कोकमाला रंग देणारी अँथोसायनिनं, सोयाबीनमधली आयसोफ्लेवोनं, कॉफीतलं क्लोरोजेनिक आम्ल, हळदीतलं कर्क्युमिन, द्राक्षाच्या सालीतलं रेस्व्हेराट्रॉल ही त्यांतली नामांकित मंडळी. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, तेही यांच्यामुळेच: सुरीने पेशी फाटतात, आत वेगवेगळ्या कप्प्यांत असलेलं पॉलिफेनॉल आणि त्याचं विकर एकत्र येतात, त्यात हवा मिसळते. वर्गीकरणाचा तपशील पहिल्या प्रकरणात आहे. ज्यांना शाळेपासून रसायनशास्त्राचा धसका आहे त्यांनी ते खुशाल ओलांडून पुढे जावं.

माणसाच्या आरोग्याशी यांचा संबंध जोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न हंगेरीत झाला. क जीवनसत्त्वावरच्या कामासाठी १९३७ साली नोबेल मिळवणारे आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी त्याच्या आदल्या वर्षी लिंबाच्या सालीतून आणि लाल मिरचीतून मिळालेल्या फ्लेवोनॉइडांना ‘पी जीवनसत्त्व’ म्हटलं होतं. सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा नाजूकपणा त्याने कमी होतो, असं त्यांना वाटत होतं. ते टिकलं नाही. या द्रव्यांवाचून माणसाला ठरावीक असा आजार होतो हे कुणाला दाखवता आलं नाही आणि १९५० च्या सुमारास ते नाव अधिकृतपणे मागे घेतलं गेलं. हा किस्सा लक्षात ठेवण्याजोगा आहे. क जीवनसत्त्व मिळालं नाही तर स्कर्व्ही होतो. क्वेर्सेटिन मिळालं नाही तर काय होतं याचं तसं एका शब्दात उत्तर नाही. म्हणूनच पॉलिफेनॉलांची ‘रोजची गरज’ अमुक मिलिग्रॅम, असं छापणारं पाकीट दिसलं तर ते तसंच फळीवर परत ठेवावं.

विषय पुन्हा उजेडात आला तो नेदरलँड्समधून. झुटफेन गावातल्या ६५ ते ८४ वयाच्या ८०५ पुरुषांच्या आहाराची नोंद ठेवून तिथल्या संशोधकांनी १९९३ साली दाखवलं की चहा, कांदा आणि सफरचंद यांतून अधिक फ्लेवोनॉइड घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होते. मग अँटिऑक्सिडंट या शब्दाची लाट आली. प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीत कुठलं फळ किती मुक्त मूलकं शोषतं याचे गुण मोजले जाऊ लागले आणि ते गुण रसाच्या बाटल्यांवर झळकले. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशी एक मोठी गुणतालिकाच ठेवली होती. २०१२ साली त्यांनी ती स्वतःहून काढून टाकली, कारण त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध लागत नव्हता आणि जाहिरातवाले मात्र त्यांचा भरपूर वापर करत होते. संबंध लागणार तरी कसा? जेवणानंतर रक्तात पोहोचणारं पॉलिफेनॉल इतकं थोडं असतं की आपल्याच रक्तात सदैव फिरणारं युरिक आम्ल त्याच्या शेकडो पटींनी जास्त भरतं. परीक्षानळीत गाजलेला गडी रक्तात गर्दीत हरवतो. तेव्हा ही द्रव्यं काही करत असतील, तर ती वेगळ्या वाटेने करत असणार.

ही वाट शोधताना सगळ्यात मोठा गाजावाजा झाला तो रेस्व्हेराट्रॉलचा, आणि तो सविस्तर सांगायला हवा, कारण या क्षेत्रातली सगळी आशा आणि सगळी फसगत त्यात एकत्र सापडते. जपानचे मिचिओ ताकाओका यांनी हे द्रव्य एका रानटी वनस्पतीच्या मुळांतून १९४० च्या आसपास वेगळं केलं होतं. त्यानंतर अनेक वर्षं कुणी त्याची फारशी विचारपूस केली नाही. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमाने विचारलं की लोणी, चीज, मांस मनसोक्त खाणाऱ्या फ्रेंचांना हृदयविकार तुलनेने कमी का होतो. उत्तर म्हणून लाल वाइनच्या पेल्याकडे बोट दाखवलं गेलं. पुढच्या वर्षी सर्ज रनो आणि त्यांच्या सहकाऱ्याने ‘लॅन्सेट’मध्ये तोच मुद्दा शास्त्रीय भाषेत मांडला. वाइनचा खप झपाट्याने वाढला आणि वाइनमध्ये असं काय आहे, याचा शोध रेस्व्हेराट्रॉलपाशी येऊन थांबला. २००३ साली हार्वर्डच्या डेव्हिड सिंक्लेअर यांच्या गटाने हे द्रव्य ‘सर्टुइन’ नावाच्या विकराला जागं करून यीस्टचं आयुष्य वाढवतं असं ‘नेचर’मध्ये लिहिलं. २००६ मध्ये उंदीर आले. भरपूर चरबीचं खाणं दिलेल्या उंदरांना रेस्व्हेराट्रॉल दिलं तेव्हा त्यांचं यकृत सुधारलं, इन्सुलिनला शरीर चांगली दाद देऊ लागलं आणि ते जास्त जगले.

या प्रयोगातला एक बारकावा मथळ्यांत आलाच नाही. ते उंदीर बारीक झाले नव्हते. लठ्ठच राहिले, लठ्ठ राहून निरोगी झाले. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने कितीतरी पट मोठा डोस देऊन उंदरांचं वजन वाढू दिलं नाही आणि वर्तमानपत्रांनी दोन्ही प्रयोगांची खिचडी करून ‘वाइनमधल्या द्रव्याने चरबी जाते’ असं लिहिलं. पहिल्या प्रयोगातला लहान डोससुद्धा वजनाच्या सरळ हिशेबाने माणसाला लावला तर रोज शेकडो लिटर वाइन प्यावी लागेल.

पुढे पैसा आला. सिंक्लेअर यांनी सहसंस्थापक म्हणून उभी केलेली सर्ट्रिस ही कंपनी २००८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने ७२ कोटी डॉलरना विकत घेतली. दोन वर्षांत शंका बळावली की ज्या चाचणीने रेस्व्हेराट्रॉल थेट ‘सर्टुइन’ विकराला जागं करतं असं दिसलं होतं, त्या चाचणीत वापरलेल्या चमकत्या रंगद्रव्यानेच तो परिणाम घडवला असावा. २०१३ मध्ये त्या कंपनीचं स्वतंत्र कार्यालय बंद झालं. दरम्यान, २०१२ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाने आपल्याच एका रेस्व्हेराट्रॉल-संशोधकाच्या कामात विदा बनवल्याची १४५ उदाहरणं जाहीर केली. माणसांवरच्या चाचण्याही एकसुरी निघाल्या नाहीत. नेदरलँड्समध्ये ११ लठ्ठ पुरुषांना महिनाभर रोज १५० मिलिग्रॅम दिलं तेव्हा यकृतातली चरबी आणि रक्तदाब थोडा उतरला. डेन्मार्कमध्ये २४ लठ्ठ पुरुषांच्या चाचणीत त्याच्या दहापट डोस देऊनही काही हाती लागलं नाही. इटलीच्या कियांती भागातल्या ७८३ वृद्धांच्या लघवीत रेस्व्हेराट्रॉलचे अंश मोजून २०१४ साली संशोधकांनी पाहिलं. ते जास्त असणारे जास्त जगले नाहीत.

एवढ्यावरून सगळं थोतांड आहे असा निकाल देणारेही पुष्कळ भेटतात. मला तो उतावीळपणा वाटतो. रेस्व्हेराट्रॉलच्या कहाणीत बिनसलं ते दोन ठिकाणी: अन्नातलं एक द्रव्य उचलून त्यावर अख्ख्या आहाराचं ओझं टाकलं, आणि यशाची मोजणी किलोत केली. या दोन चुका बाजूला ठेवल्या तर उरलेल्या पुराव्यात पाहण्यासारखं बरंच आहे, आणि ते पुन्हा पुन्हा एकाच दिशेला बोट दाखवतं: वजन फारसं हलत नाही, पण आतला कारभार थोडा सुधारतो. अमेरिकेत लुईझियानात ३२ लठ्ठ माणसांना, ज्यांचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नव्हतं, सहा आठवडे रोज पेय दिलं. अर्ध्यांच्या पेयात ब्लूबेरीची पूड होती. २०१० मध्ये निकाल आला. ब्लूबेरीवाल्यांची इन्सुलिन-संवेदनशीलता सुधारली होती. वजन आणि चरबी जिथल्या तिथे.

वजनाचा काटा आणि आतला कारभार यांतला हा फरक मराठी वाचकाला इतरांहून जवळचा असायला हवा, कारण तो पुण्यात मोजला गेला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या माता-बालकांच्या अभ्यासात तर ही गोष्ट जन्मापासून दिसली: आपली बाळं इंग्रज बाळांपेक्षा वजनाने कितीतरी कमी, पण स्नायू आणि आतले अवयव जितके लहान, तितकी चरबी कमी नाही. दिसायला काटकुळा, आतून चरबीदार असा हा ‘थिन-फॅट’ भारतीय वजनकाट्याला सहज चकवतो. म्हणूनच आपल्याकडे २५ ऐवजी २३ बीएमआयपासून जादा वजन धरतात आणि पुरुषांच्या कमरेला ९० व स्त्रियांच्या कमरेला ८० सेंटीमीटरची मर्यादा सांगतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेह ११.४ टक्के प्रौढांत सापडला, तर पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के लोकांत. गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक. ज्या लोकांचा आजार पोटाच्या घेरात, यकृतात आणि स्वादुपिंडात आहे, त्यांनी एखाद्या फळा-मसाल्याची परीक्षा ‘किती किलो उतरले’ एवढ्याच प्रश्नाने घेऊन भागणार नाही.

आता ही द्रव्यं कारभारात ढवळाढवळ करतात तरी कुठे? पहिलं ठिकाण लहान आतडं. पिष्ट फोडून साखर करणाऱ्या विकरांना अनेक पॉलिफेनॉलं चिकटतात आणि त्यांचा वेग कमी करतात. जिभेवर प्रथिनांशी जे झालं तेच थोड्या फरकाने इथे होतं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत नाचणीच्या दाण्यावरच्या तांबड्या पापुद्र्यातून काढलेल्या पॉलिफेनॉलांनी ही दोन्ही विकरं, अमायलेज आणि ग्लुकोसायडेज, रोखल्याचं परीक्षानळीत दिसलं. मधुमेहावरची अकार्बोज ही गोळी याच पद्धतीने चालते, अर्थात कितीतरी अधिक जोराने. दुसरं ठिकाण यकृत आणि स्नायू. तिथे पेशीतली ऊर्जा कमी पडल्यावर जागं होणारं एएमपीके नावाचं विकर आहे. ते जागं झालं की पेशी चरबी साठवणं थांबवून जाळायला लागते. व्यायामाने ते जागं होतं, मधुमेहावरच्या मेटफॉर्मिननेही होतं आणि प्रयोगशाळेत बऱ्याच पॉलिफेनॉलांनीही. मात्र पेशींवर ओतलेला डोस आणि ताटातून पेशीपर्यंत पोहोचणारा डोस यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. तिसरी गोष्ट ग्रीन टीची. त्यातली कॅटेचिनं नॉरअॅड्रेनलिन हे शरीराला चेतवणारं संप्रेरक मोडणाऱ्या विकराला अडवतात, जोडीला कॅफीन असतं, आणि जिनिव्हात १९९९ साली दहा पुरुषांवर केलेल्या मोजणीत दिवसभरात जळणारी ऊर्जा चार टक्क्यांनी वाढली. चार टक्के म्हणजे दिवसाकाठी जेमतेम एका पोळीएवढे उष्मांक. शरीर तेवढी तूट भुकेत भरून काढतं. २०१२ च्या कोक्रेन आढाव्यात जपानबाहेरच्या चाचण्या एकत्र केल्यावर ग्रीन टी आणि बिनऔषधी गोळी यांच्यातला वजनाचा फरक ग्रॅममध्ये मोजावा लागला: सरासरी ४० ग्रॅम.

मला सगळ्यात रस वाटतो तो चौथ्या ठिकाणात, आणि पुस्तकाचा मोठा भागही त्यालाच दिला आहे. खाल्लेल्या पॉलिफेनॉलांपैकी बहुतांश, अंदाजे नव्वद टक्के, लहान आतड्यात शोषलीच जात नाहीत. पूर्वी हा त्यांचा दोष मानला जायचा. ती थेट मोठ्या आतड्यात जातात, जिथे अब्जावधी जिवाणू त्यांची वाट पाहत असतात. जिवाणू ती मोडतात, नवी लहान द्रव्यं बनवतात आणि ती द्रव्यं रक्तात शिरतात. सोलापूरच्या डाळिंबातली एलॅजिटॅनिनं अशीच युरोलिथिन होऊन बाहेर पडतात. पण सगळ्यांच्या पोटात नाही! स्पेनमधल्या मुर्सियाच्या संशोधकांनी माणसांचे यावरून गटच पाडले आहेत: काहींच्या आतड्यात एका प्रकारची युरोलिथिनं बनतात, काहींच्या दुसऱ्या प्रकारची, काहींच्या मुळीच नाहीत. सोयाबीनपासून इक्वॉल तयार करणारे जिवाणू पाश्चात्त्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शाच्या पोटात असतात, जपान्यांत निम्म्याहून अधिकांच्या. एका ताटात जेवणाऱ्या दोन भावांना एकाच डाळिंबाचा वेगळा परिणाम मिळू शकतो. चाचण्यांचे निकाल एकमेकांशी का जुळत नाहीत, याचं बरंचसं उत्तर इथे असावं.

उलट दिशेनेही काम चालतं. पॉलिफेनॉलं जिवाणूंच्या वस्तीची रचना बदलतात. आतड्याच्या अस्तरावरच्या श्लेष्म्यात राहणारा अकरमॅन्सिया म्युसिनिफिला हा जिवाणू २००४ साली नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन इथे ओळखला गेला. लठ्ठ आणि मधुमेही माणसांत तो कमी आढळतो. चरबीयुक्त खाण्यावर ठेवलेल्या उंदरांना द्राक्षांची पॉलिफेनॉलं दिल्यावर त्याची संख्या भराभर वाढली, आतड्याची भिंत घट्ट झाली, दाह कमी झाला. क्रॅनबेरीच्या अर्कानेही हेच केलं. पुढे बेल्जियममध्ये हाच जिवाणू, पाश्चरीकरणाने मारलेल्या रूपात, जादा वजनाच्या माणसांना तीन महिने देऊन पाहिला. २०१९ साली कळलं की इन्सुलिनला शरीर अधिक दाद देऊ लागलं आणि कोलेस्टेरॉल उतरलं. वजनातली घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरण्याइतकी नव्हती. म्हणजे पुन्हा तेच.

हळदीबद्दल लिहिल्याशिवाय मराठीत हे पुस्तक पुरं होणार नाही आणि हळदीबद्दल थंड डोक्याने लिहिणं अवघड आहे. जखमेवर हळद लावण्याच्या वापरावर १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलेलं पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने १९९७ मध्ये रद्द करवलं, तेव्हा प्रत्येक घराची कॉलर ताठ झाली होती. ती लढाई ज्ञान कुणाचं, याची होती. हळद काय काय बरं करते याचा निकाल त्यात लागलेला नाही. हळदीत कर्क्युमिन असतं सुमारे तीन टक्के, आणि त्यातलंही शरीरात फार थोडं मुरतं. थायलंडमध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २४० जणांना नऊ महिने दिवसाला दीड ग्रॅम कर्क्युमिनॉइडं दिली तेव्हा त्या गटात एकालाही मधुमेह झाला नाही आणि बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत १६.४ टक्क्यांना झाला. इतका चोख निकाल दिसला की माझ्यासारख्याच्या भुवया वर जातात. तो दुसऱ्या देशात, दुसऱ्या हातांनी पुन्हा मिळायला हवा. शिवाय दीड ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे रोज जवळपास पन्नास ग्रॅम हळदपूड. आमटीत एवढी घातली तर सांगलीचा अडत्या खूश होईल, घरचे ताटावरून उठतील. त्यात भर म्हणून २०१७ साली औषधी रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने बजावलं की कर्क्युमिन हे प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना हमखास चकवणारं द्रव्य आहे: जिकडे तिकडे चिकटतं, स्वतः चमकतं, पटकन मोडतं आणि खोटा होकार देतं. माझं मत एवढंच, की फोडणीतल्या हळदीला या वादाशी काही देणंघेणं नाही. ती रंग, वास आणि चव यांसाठी तिथे आहे आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

बाटलीतल्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. कर्क्युमिन मुरावं म्हणून त्यांच्यात मिरीतलं पायपेरिन घालतात. बेंगळुरूत १९९८ साली झालेल्या प्रयोगात त्याने रक्तातलं कर्क्युमिन वीस पटींनी वाढवलं होतं. पण पायपेरिन हे यकृताच्या सफाई-व्यवस्थेला अडवून साधतं आणि मग फिट्‌सवरचं फेनिटॉइन किंवा रक्तदाबावरचं प्रोप्रॅनोलॉल यांसारखी औषधंही रक्तात जास्त साचतात. हळदीच्या अर्काने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटलीत आणि अमेरिकेत झाल्या आहेत. ग्रीन टीच्या अर्काबद्दल युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली सांगितलं की दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी (चहातलं एक कॅटेचिन) गोळीतून घेतल्यास यकृताची विकरं वाढू शकतात. कपातून चहा पिणाऱ्याला ही भीती नाही.

बाजाराचं वागणं कळायला हिरव्या कॉफीच्या अर्काचं प्रकरण पुरेसं आहे, आणि त्याचा धागा भारतात आहे. बेंगळुरूमध्ये जेमतेम १६ जणांवर झालेल्या एका चाचणीच्या आधारे २०१२ मध्ये दावा झाला की क्लोरोजेनिक आम्लाचा हा अर्क घेऊन माणसं बाविसाव्या आठवड्यापर्यंत आठेक किलोंनी हलकी होतात. अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध टीव्ही-डॉक्टरने त्याची तारीफ केली आणि दुकानं रिकामी झाली. चौकशीत दिसलं की वजनांच्या नोंदी बदलल्या गेल्या होत्या. २०१४ साली अर्क बनवणाऱ्या कंपनीने पस्तीस लाख डॉलर भरून तडजोड केली आणि निबंध मागे घेतला गेला. चीड येते ती याची, की साध्या कॉफीबद्दल खरंच चांगली माहिती आहे: अनेक देशांतल्या मोठ्या दीर्घकालीन पाहण्यांत कॉफी पिणाऱ्यांना टाइप-२ मधुमेह कमी होताना दिसतो, कॅफीन काढलेल्या कॉफीनेही. अर्थात हा निव्वळ सहसंबंध. कोकोच्या बाबतीत अशाच आशेची मोठी परीक्षा झाली: अमेरिकेत एकवीस हजारांहून अधिक वृद्धांना काही वर्षं कोको-फ्लेवनॉलच्या किंवा बिनऔषधी गोळ्या दिल्या. मधुमेह त्यांनी टळला नाही.

कोकमाचाही एक खुलासा इथेच करून टाकतो, कारण वजन उतरवण्याच्या गोळ्यांवर त्याच्या कुळाचं नाव सर्रास असतं. त्या गोळ्यांत असतं हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल, आणि ते पॉलिफेनॉल नाही. कोकमाच्या दक्षिणी भावंडापासून काढलेलं हे आम्ल १९९८ साली १३५ जणांवर बारा आठवडे तपासलं गेलं आणि बिनऔषधी गोळीपेक्षा काहीही जास्त करू शकलं नाही. आमसुलाचा जो लालभडक रंग सोलकढीत उतरतो, तो मात्र अँथोसायनिनांचा. जांभळाचाही तसाच. जांभळाबद्दल आपल्याकडे मधुमेहाचं औषध म्हणून जी ख्याती आहे ती मात्र जपून घ्यावी. ब्राझीलमध्येही ती आहे आणि तिथे पानांच्या काढ्याची रीतसर चाचणी घेतल्यावर साखर उतरली नाही. बहाडोलीची किंवा बदलापूरची जांभळं मोसमात मनसोक्त खावीत ती फळ म्हणून.

मग आहारात हातात राहतं काय? पुरावा बारकाईने पाहिला की नजर सारखी सालीवर जाते. झाडाने आपली शस्त्रं बाहेरच्या भिंतीवर मांडलेली असतात. कांद्याचं क्वेर्सेटिन बाहेरच्या पापुद्र्यांत जास्त, आणि आपण दोन-तीन पापुद्रे सढळ हाताने काढून टाकतो. दाण्याचं कूट करताना भाजलेल्या शेंगदाण्यांची लाल सालं पाखडून उडवतो, पॉलिफेनॉलं त्यातच. डाळीची टरफलं गिरणीत जातात, गव्हाचा कोंडा चाळणीत, नाचणीचा तांबडा पापुद्रा कारखान्यात ‘पांढरं’ पीठ करताना. सालीबरोबर तंतुमयही जातात आणि जिवाणूंना तर दोन्ही एकत्र लागतात. ज्वारीबद्दल मात्र भाबडेपणा नको: सोलापूरकडची मालदांडी पांढरी आणि टॅनिनरहित आहे, गोड भाकरीसाठी तीच निवडली गेली. लाल ज्वारीच्या काही जातींत टॅनिन असतं, त्यांची भाकरी तुरट लागते आणि पाखरंही त्यांना कमी त्रास देतात. मालदांडीची भाकरी चांगलीच आहे. तिच्या चांगुलपणाची कारणं दुसरी आहेत एवढंच.

या द्रव्यांची एक बाजू डॉक्टरही सांगायला विसरतात. जी टॅनिनं विकरांना चिकटतात तीच लोहालाही चिकटतात. जेवणाबरोबर किंवा जेवल्याजेवल्या घेतलेला चहा धान्या-भाज्यांतलं लोह नीट शोषू देत नाही. हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. कमरेचा घेर वाढलेला आणि हिमोग्लोबिन उतरलेलं, अशी बाई आपल्या शहरांत आता दुर्मीळ नाही. तिला ‘पॉलिफेनॉल भरपूर घ्या’ एवढाच सल्ला दिला तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होईल. चहा जेवणानंतर तास-दीड तासाने, आणि जेवताना लिंबाची फोड, एवढ्या बदलाने बरंच साधतं. क जीवनसत्त्व टॅनिनांचा अडसर पुष्कळसा दूर करतं.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक अन्नपदार्थासाठी तीन गोष्टी वेगवेगळ्या दिल्या आहेत: परीक्षानळीत काय दिसलं, उंदरांत काय दिसलं, माणसांत काय दिसलं. वाचकाने शेवटून सुरुवात करावी, म्हणजे माणसांपासून. तिथे रकाना रिकामा असेल तर तो विसरून राहिलेला नाही, मुद्दाम रिकामा ठेवला आहे. जिथे चाचणीचा खर्च त्या पदार्थाच्या विक्रेत्याने केला होता तिथे तसं लिहिलं आहे. पाककृती शेवटच्या भागात आहेत आणि त्या वजन उतरवण्याचं वचन देत नाहीत. मधुमेहाच्या, रक्त पातळ करण्याच्या किंवा फिट्‌सच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मात्र अर्क आणि कॅप्सुलांवरचं अकरावं प्रकरण सगळ्यांत आधी वाचावं, आणि घरात तसली बाटली असेल तर पुढच्या भेटीत ती डॉक्टरांना दाखवायला घेऊन जावी.